गंभीर स्नायुदौर्बल्य : निदान व उपचार यांचा इतिहास

ऐच्छिक स्नायू वापरल्यावर लवकर थकणे व विश्रांतीनंतर त्यांत पुन्हा काहीसे बळ येणे, हे प्रमुख लक्षण असलेल्या विरळ आत्मप्रतिरक्षा रोगास ‘गंभीर स्नायुदौर्बल्य’ म्हणतात. वैद्यकात तो मायस्थेनिया ग्रॅव्हिस या नावाने ओळखला जातो. शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा बाह्य जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. या रोगात ती स्वतःच्याच तंत्रिका-स्नायू संधीतील प्रथिनांविरुद्ध तयार होतात व तंत्रिकेचा संदेश स्नायूपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. रोग कोणत्याही वयात होऊ शकतो. परंतु तरुण स्त्रिया व उतारवयातील पुरुष यांत तो अधिक आढळतो.

पापणी खाली पडणे व एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसणे ही बहुधा पहिली लक्षणे असतात. काही रुग्णांत रोग डोळ्यांपुरताच मर्यादित राहतो. इतरांत चेहरा, जीभ, घसा, मान, हातपाय व शेवटी श्वसनाचे स्नायू दुर्बल होतात. सकाळी स्पष्ट बोलणारा रुग्ण सायंकाळी अनुनासिक बोलू लागतो. जेवणाच्या प्रारंभी नीट चावणाऱ्यास जेवण संपण्यापूर्वी जबडा हाताने धरावा लागतो. संवेदना व बुद्धी शाबूत असतात. सकाळी तपासणाऱ्या वैद्याला दोष न दिसणे व सायंकाळी तो उघड असणे, या बदलत्या स्वरूपामुळे या रोगाच्या निदानात आरंभापासून मतभेद झाले. परीक्षांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नसताना उपचार कोणता करावा, हा प्रश्न या रोगाच्या इतिहासात वारंवार उद्‌भवलेला दिसतो.

प्रारंभीची वर्णने : इंग्लिश वैद्य टॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात एका स्त्रीचे वर्णन केले आहे. बराच वेळ किंवा घाईने बोलल्यावर तिची वाचा बंद पडे व काही वेळाने परत येई. हे या रोगाचे पहिले वर्णन असावे, असे मानले जाते. त्यानंतर सु. दोनशे वर्षे त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १८७७ मध्ये लंडनच्या गाय रुग्णालयातील सॅम्युएल विल्क्स यांनी एका मुलीची हकिकत प्रसिद्ध केली. तिला उन्माद म्हणजे हिस्टेरिया झाला आहे, असा समज प्रथम झाला होता. पुढे तिचे बोलणे व गिळणे बिघडले आणि श्वसन बंद पडून ती मरण पावली. शवपरीक्षेत मेंदूच्या लंबमज्जेत कोणताही दोष आढळला नाही. अवयव निर्दोष दिसतो म्हणून रोग मानसिक ठरविणे धोक्याचे असते, याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

जर्मनीत व्हिल्हेल्म एर्ब यांनी १८७९ मध्ये तीन रुग्णांचे व वॉर्सा येथील सामुएल गोल्डफ्लाम यांनी १८९३ मध्ये आणखी तीन रुग्णांचे बारकाईने वर्णन केले. त्यावरून काही काळ या रोगास एर्ब-गोल्डफ्लाम रोग असे नाव होते. १८९५ मध्ये बर्लिनचे फ्रीड्रिख योली यांनी तंत्रिकेला विद्युत् उद्दीपने पुनःपुन्हा दिल्यास स्नायूचे आकुंचन क्रमाने क्षीण होत जाते, हे दाखविले. रोगाचे आजचे नावही त्यांच्याच नामकरणातून आले. योली यांची परीक्षा ही या रोगाची पहिली प्रयोगसिद्ध कसोटी ठरली. १९४१ मध्ये हार्व्ही व मॅसलँड यांनी आकुंचनाऐवजी स्नायूतील विद्युत् विभव मोजून ती अधिक अचूक केली.

उपचारातून निदान : रोगाच्या उपचारातील पहिली मोठी प्रगती १९३४ मध्ये झाली. लंडननजीक ग्रिनिच येथील सेंट ॲल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर या वैद्य काम करीत होत्या. या रोगाची लक्षणे क्युरारे या विषाच्या परिणामासारखी आहेत, असे त्यांच्या ध्यानात आले. क्युरारेवर फायसोस्टिग्मीन हा उतारा होता. त्यांनी ५६ वर्षे वयाच्या एका स्त्रीस त्याचे अंतःक्षेपण दिले. थोड्याच वेळात तिची पडलेली पापणी वर उचलली गेली, गिळणे सुधारले आणि काही तासांनी औषधाचा प्रभाव ओसरताच दुर्बलता परत आली. पुढच्या वर्षी वॉकर यांनी निओस्टिग्मीन या संश्लेषित औषधाचा तसाच उपयोग दाखविला. ही औषधे ॲसिटिलकोलीन या रासायनिक वाहकाचे विघटन करणाऱ्या एंझाइमास रोखतात. त्यामुळे संधीत ॲसिटिलकोलीन अधिक काळ टिकते. १९५० नंतरच्या दशकात दीर्घकाळ प्रभावी असणारे पिरिडोस्टिग्मीन वापरात आले.

औषधाने सुधारणा होते, या निरीक्षणातूनच निदानाची कसोटी तयार झाली. अल्पकाळ परिणाम करणारे एड्रोफोनियम शिरेतून दिले असता एका मिनिटाच्या आत बळ वाढते व काही मिनिटांत ते ओसरते. १९५२ पासून ऑसरमन व कॅप्लन यांच्या कार्यामुळे या परीक्षेचा सर्वत्र प्रसार झाला. तथापि तिच्या मर्यादाही लवकरच दिसून आल्या. चालक तंत्रिकांचा ऱ्हास होणाऱ्या काही रोगांत व क्वचित मेंदूच्या अर्बुदांतही तात्पुरती सुधारणा दिसते. उलट खऱ्या रुग्णांपैकी काहींत ती दिसत नाही.

याहून बिकट प्रसंग उपचार चालू असताना येई. औषध अपुरे पडले तर रुग्ण दुर्बल होतो आणि ते अतिशय झाले तरीही तो दुर्बलच होतो. पहिल्यास स्नायुदौर्बल्याचा अरिष्टकाल व दुसऱ्यास कोलीनधर्मी अरिष्टकाल म्हणतात. घाम, लाळ, बाहुली लहान होणे व स्नायूंचे स्फुरण ही दुसऱ्याची चिन्हे होत. पण ती दर वेळी स्पष्ट नसतात. श्वास कोंडलेल्या रुग्णास मात्रा वाढवावी की थांबवावी, याचा निर्णय चुकल्यास प्राण जाण्याचा संभव असे. कृत्रिम श्वसनाची सुसज्ज साधने उपलब्ध झाल्यावर ही कोंडी सुटली. श्वासनलिकेत नळी घालून रुग्णाचे श्वसन यंत्राने सांभाळावयाचे व औषध काही काळ बंद ठेवावयाचे, अशी पद्धत रूढ झाली. एड्रोफोनियम परीक्षाही पुढे मागे पडली. अमेरिकेत हे औषध २०१८ मध्ये बाजारातून गेले. पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवून ती उचलते की नाही हे पाहण्याची साधी परीक्षा अनेक ठिकाणी तिच्या जागी आली.

यौवनलोपी ग्रंथी व शस्त्रक्रियेचा वाद : १९०१ मध्ये कार्ल व्हायगर्ट यांना या रोगाने मृत्यू पावलेल्या रुग्णाच्या छातीत अर्बुद आढळले. छातीच्या हाडामागील यौवनलोपी ग्रंथी म्हणजे थायमस हिचा या रोगाशी संबंध असावा, असे त्यानंतरच्या शवपरीक्षांवरून दिसू लागले. १९३६ मध्ये अमेरिकेतील नॅशव्हिल येथे ॲल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी या ग्रंथीचे अर्बुद असलेल्या एका तरुणीवर शस्त्रक्रिया केली व तिचा रोग पुष्कळ सुधारला. पुढे बॉल्टिमोर येथे त्यांनी अर्बुद नसलेल्या रुग्णांतही ग्रंथी काढून टाकली. लंडनमध्ये जेफ्री केन्स यांनी १९४२ पासून ही शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर केली.

यानंतर परस्परविरोधी निष्कर्ष पुढे आले. केन्स यांच्या मते बहुसंख्य रुग्णांना लाभ होत होता. तर अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ईटन व क्लॅगेट यांना १९५० मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या व न झालेल्या रुग्णांत लक्षणीय फरक आढळला नाही. मतभेदाचे एक कारण रुग्णांच्या वर्गवारीत होते. ज्यांना ग्रंथीचे अर्बुद असते त्यांचा रोग अधिक तीव्र असतो व शस्त्रक्रियेनंतरही त्यांची सुधारणा कमी होते. त्यांना वेगळे काढून पाहिल्यावर उरलेल्या रुग्णांतील लाभ अधिक स्पष्ट झाला. दुसरे कारण असे की, हा रोग काहींत आपोआपही ओसरतो. म्हणून तुलनेसाठी निवडलेला गट समान नसेल, तर शस्त्रक्रियेचे श्रेय ठरविता येत नाही.

हा वाद मिटण्यास आणखी सहा दशके लागली. इंग्लंडचे जॉन न्यूसम-डेव्हिस यांच्या पुढाकाराने रुग्णांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यादृच्छिक विभागणी करून आंतरराष्ट्रीय चाचणी आखण्यात आली. २००७ मध्ये या चाचणीच्या एका केंद्रास भेट देऊन परतत असता रूमानियात मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. काम त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण केले व निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. १८ ते ६५ वर्षे वयाच्या, अर्बुद नसलेल्या व ॲसिटिलकोलीन-ग्राहीविरोधी प्रतिपिंडे आढळलेल्या १२६ रुग्णांत ही चाचणी झाली. केवळ प्रेडनिसोन घेणाऱ्यांपेक्षा प्रेडनिसोन व शस्त्रक्रिया असे दोन्ही उपचार झालेल्यांची स्थिती तीन वर्षांच्या काळात अधिक चांगली राहिली. दिवसाआड घ्यावयाच्या प्रेडनिसोनाची त्यांची सरासरी मात्रा ४४ मिग्रॅ. होती, इतरांची ६० मिग्रॅ. होती. मात्र हा निष्कर्ष प्रतिपिंडे न आढळणाऱ्या किंवा केवळ डोळ्यांचा रोग असलेल्या रुग्णांना आपोआप लागू पडत नाही.

प्रतिपिंडांचा शोध : हा रोग आत्मप्रतिरक्षेमुळे होत असावा, अशी कल्पना स्कॉटलंडचे जॉन सिम्पसन यांनी १९६० मध्ये मांडली. स्त्रियांतील आधिक्य, यौवनलोपी ग्रंथीतील बदल, इतर आत्मप्रतिरक्षा रोगांची सोबत आणि बाधित मातांच्या नवजात बालकांत काही आठवडे टिकणारी दुर्बलता, हे तिचे आधार होते. प्रत्यक्ष पुरावा सर्पविषाच्या साहाय्याने मिळाला. १९६३ मध्ये तैवानमध्ये चांग व ली यांनी तेथील पट्टेरी मण्यार सापाच्या विषातून आल्फा-बंगॅरोटॉक्सिन वेगळे केले. हे द्रव्य ॲसिटिलकोलिनाच्या ग्राहीस घट्ट चिकटते. त्यामुळे ग्राही मोजणे व शुद्ध स्वरूपात वेगळे करणे शक्य झाले. महाराष्ट्रात आढळणारा मण्यार याच प्रजातीतील असून त्याच्या दंशानंतरही पापण्या पडणे, गिळता न येणे व श्वसन बंद पडणे अशी लक्षणे दिसतात. मात्र त्याचे विष मुख्यतः तंत्रिकेच्या टोकावर परिणाम करते. म्हणून निओस्टिग्मिनाचा जो उपयोग नागदंशात होतो, तो मण्यारदंशात सहसा होत नाही. लक्षणे सारखी असूनही बिघाडाची जागा निराळी असली म्हणजे उपचार निराळा ठरतो.

१९७३ मध्ये दोन महत्त्वाची संशोधने प्रसिद्ध झाली. पॅट्रिक व लिंडस्ट्रॉम यांनी विद्युत् ईल माशाच्या अवयवातून काढलेले ग्राही सशांना टोचले. त्यांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन ते दुर्बल झाले व कोलीनएस्टरेज-रोधक औषधाने तात्पुरते सुधारले. त्याच वर्षी फॅम्ब्रो, ड्रॅकमन व सत्यमूर्ती यांनी रुग्णांच्या स्नायूंतील ग्राहींची संख्या बरीच घटलेली असते, हे दाखविले. १९७५ मध्ये टॉयका व सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना देऊन त्यांत रोग निर्माण केला. १९७६ मध्ये लिंडस्ट्रॉम व सहकाऱ्यांना ७१ रुग्णांपैकी ८७ टक्के रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडे आढळली. त्याच वर्षी लंडनमध्ये पिंचिंग, पीटर्स व न्यूसम-डेव्हिस यांनी रक्तद्रव बदलून प्रतिपिंडे काढून टाकल्यास रुग्ण काही काळ सुधारतात, हे दाखविले. रोगाचे कारण व त्याची रक्तपरीक्षा या दोन्ही गोष्टी अशा रीतीने तीन-चार वर्षांत हाती आल्या.

नास्तिपक्षी परीक्षेचा प्रश्न : प्रतिपिंडे न आढळणाऱ्या उरलेल्या रुग्णांचे काय, हा प्रश्न लगेच पुढे आला. केवळ डोळ्यांचा रोग असणाऱ्यांत तर सु. निम्म्या रुग्णांची परीक्षा नास्तिपक्षी येई. लक्षणे व विद्युत् परीक्षा रोग सुचवीत असता रक्तपरीक्षा नकार देई. अशा रुग्णांना रोग नाहीच, असे काहींना वाटे. १९८६ मध्ये मॉसमन, व्हिन्सेंट व न्यूसम-डेव्हिस यांनी अशा रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना दिली असता संधीतील संदेशवहन बिघडते, हे दाखवून दिले. म्हणजे प्रतिपिंडे होती. परंतु ती वेगळ्या प्रथिनाविरुद्ध असावीत व प्रचलित परीक्षा त्यांचा शोध घेत नव्हती.

ते प्रथिन २००१ मध्ये सापडले. होख, व्हिन्सेंट व सहकाऱ्यांना अशा २४ रुग्णांपैकी सु. ७० टक्के रुग्णांत स्नायुविशिष्ट कायनेज म्हणजे ‘मस्क’ या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. २००८ मध्ये लाइट व सहकाऱ्यांनी जिवंत पेशींच्या पृष्ठभागावर ग्राही दाटीने एकत्र आणून परीक्षा केली. जुन्या पद्धतीने नास्तिपक्षी ठरलेल्या रुग्णांपैकी ६६ टक्के रुग्णांत तेव्हा ग्राहीविरोधी प्रतिपिंडे आढळली. २०११ पासून ‘एलआरपी-४’ या तिसऱ्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे ज्ञात झाली. पण ती चालक तंत्रिकांच्या ऱ्हासाच्या रोगातही काही जणांत आढळल्याने त्यांच्या अर्थाविषयी सावधगिरी बाळगावी लागते.

विसंगत निष्कर्षांचा अर्थ : या इतिहासावरून कोणत्या परीक्षेस किती महत्त्व द्यावे, याचे काही नियम सिद्ध झाले आहेत. लक्षणे असता ग्राहीविरोधी प्रतिपिंडांची अस्तिपक्षी परीक्षा जवळजवळ निर्णायक असते. तथापि यौवनलोपी ग्रंथीचे अर्बुद असूनही स्नायू सुदृढ असलेल्या काही व्यक्तींतही ती अस्तिपक्षी येते. म्हणून लक्षणांवाचून केवळ रक्तावरून रोग ठरवीत नाहीत. प्रतिपिंडांचे प्रमाण व रोगाची तीव्रता यांचा निरनिराळ्या रुग्णांत मेळ बसत नाही. कमी प्रमाण असलेला रुग्ण अत्यवस्थ व अधिक प्रमाण असलेला हिंडताफिरता असू शकतो. रोगाच्या आरंभी नास्तिपक्षी आलेली परीक्षा काही महिन्यांनी अस्तिपक्षी होऊ शकते. प्रतिरक्षा दडपणारी औषधे किंवा रक्तद्रवाची अदलाबदल यांमुळेही निष्कर्ष बदलतो. यास्तव शक्य तेव्हा रक्त उपचारापूर्वी घेतात.

विद्युत् परीक्षांचीही स्थिती अशीच आहे. सेकंदास दोन-तीन उद्दीपने दिली असता स्नायूचा प्रतिसाद दहा टक्क्यांहून अधिक घटल्यास ती परीक्षा अस्तिपक्षी धरतात. निर्दोष स्नायू तपासला गेल्यास ती नास्तिपक्षी येते. मस्क-विरोधी प्रतिपिंडांच्या रुग्णांत हातापायांचे स्नायू तपासल्यास असे पुष्कळदा घडते. स्वीडनमध्ये एक्स्टेट व स्टोलबेरी यांनी विकसित केलेली एकल-तंतू परीक्षा फार संवेदनक्षम आहे. परंतु इतर तंत्रिका-स्नायू रोगांतही ती अस्तिपक्षी येते. म्हणून दुर्बल स्नायूतील ही परीक्षा निर्दोष असल्यास त्या दुर्बलतेचे कारण हा रोग असण्याचा संभव फार कमी राहतो. सदोष असल्यास मात्र तेवढ्यावरून रोग सिद्ध होत नाही.

सर्व परीक्षा नास्तिपक्षी असणाऱ्यांत आणखी दोन शक्यता तपासाव्या लागतात. १९५६ मध्ये लॅम्बर्ट, ईटन व रूक यांनी वर्णिलेल्या संलक्षणात वेगाने उद्दीपन दिल्यास प्रतिसाद घटण्याऐवजी वाढतो व त्यामागे पुष्कळदा फुप्फुसाचा कर्करोग दडलेला असतो. दुसरी शक्यता म्हणजे आनुवंशिक दोषामुळे होणारी जन्मजात स्नायुदौर्बल्याची संलक्षणे. १९७७ पासून अँड्र्यू एंगल यांच्या संशोधनामुळे त्यांचे स्वरूप कळू लागले. त्यांत प्रतिपिंडांचा संबंध नसतो. अशा बालकास आत्मप्रतिरक्षा रोग समजून स्टेरॉइडे दिल्यास किंवा त्याची ग्रंथी काढल्यास लाभ न होता अपाय मात्र घडतो.

उपचारांचे निर्णय : स्टेरॉइडांचा इतिहासही परस्परविरोधी अनुभवांचा आहे. मोठ्या मात्रेने आरंभ केल्यास पहिल्या पंधरवड्यात काही रुग्णांची दुर्बलता वाढते. त्यामुळे १९५० च्या सुमारास ही औषधे या रोगात घातक मानली गेली. हा बिघाड तात्पुरता असून त्यानंतर टिकाऊ सुधारणा होते, हे पुढील दोन दशकांत स्पष्ट झाले. स्टेरॉइडांची मात्रा घटविण्यासाठी ॲझाथायोप्रीन दिल्यास लाभ होतो, हे १९९८ मध्ये चाचणीने सिद्ध झाले. पण तो दिसण्यास वर्षाहून अधिक काळ लागतो. व्यवहारात उपयुक्त वाटणारे मायकोफेनोलेट २००८ मधील दोन चाचण्यांत निष्प्रभ ठरले. चाचण्यांचा काळ काही महिन्यांचाच होता, म्हणून अनेक तज्ञांनी त्याचा वापर सोडला नाही.

रिटुक्सिमॅबाविषयीही असेच घडले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत ग्राहीविरोधी प्रतिपिंडांच्या ५२ रुग्णांत स्टेरॉइडाची मात्रा घटविण्याच्या दृष्टीने लाभ दिसला नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील चाचणीत रोग नव्याने सुरू झालेल्या ४७ रुग्णांत तो दिसला. रोगाचा कालावधी व मोजण्याचे निकष भिन्न असल्याने या दोन निष्कर्षांत विसंगती असलीच पाहिजे, असे नाही. मस्क-विरोधी प्रतिपिंडांच्या रुग्णांत मात्र हे औषध बहुधा चांगले लागू पडते; उलट त्यांना पिरिडोस्टिग्मीन फारसे मानवत नाही आणि ग्रंथी काढल्याने लाभ झाल्याचे दिसत नाही. अशा रीतीने कोणते प्रतिपिंड सापडले यावर सर्व उपचारक्रम बदलतो.

अलीकडील औषधांत हा संबंध अधिक घट्ट झाला आहे. रक्तातील पूरक प्रथिने रोखणारे एक्युलिझुमॅब अमेरिकेत २०१७ मध्ये केवळ ग्राहीविरोधी प्रतिपिंडे असलेल्यांसाठी मान्य झाले. मस्क-विरोधी प्रतिपिंडे मुख्यतः पूरक यंत्रणेस चालना न देणाऱ्या वर्गातील असल्याने त्यांत ते उपयोगी पडत नाही. या औषधाच्या १२५ रुग्णांवरील चाचणीत पूर्वनियोजित मुख्य निकष थोडक्यात हुकला होता. इतर मोजमापांतील सातत्यपूर्ण लाभ पाहून मान्यता देण्यात आली. प्रतिपिंडांचा नाश त्वरित घडवून आणणारे एफ्गार्टिजिमॉड २०२१ मध्ये त्याच गटासाठी मान्य झाले. औषधाची पात्रता रक्तपरीक्षेवर ठरू लागल्याने, ज्यांची परीक्षा नास्तिपक्षी येते त्यांचा प्रश्न पुन्हा तीव्र झाला. लक्षणे तीच असूनही ही महागडी औषधे त्यांना मिळणे कठीण झाले.

योग्य उपचार व श्वसनसाधने यांमुळे एकेकाळी अनेकदा प्राणघातक ठरणाऱ्या या रोगाचे बहुसंख्य रुग्ण आज दीर्घ व कार्यक्षम जीवन जगतात. प्रत्येक नवी परीक्षा आली तेव्हा तिने काही रुग्णांना निश्चित निदान दिले व काहींना वगळले. वगळलेल्यांपैकी अनेकांचा रोग पुढच्या परीक्षेने खरा ठरविला. म्हणून परीक्षांचे निष्कर्ष परस्परविरोधी असतात तेव्हा रुग्णास दिवसाच्या निरनिराळ्या वेळी तपासणे, वेगळ्या स्नायूवर व काही काळाने परीक्षा पुन्हा करणे आणि अपरिवर्तनीय उपचार, विशेषतः शस्त्रक्रिया, निदानाचा पाया पक्का झाल्यावरच योजणे, हा मार्ग सामान्यतः स्वीकारला जातो. श्वसन किंवा गिळणे धोक्यात असल्यास मात्र निष्कर्षांची वाट न पाहता रुग्णालयात उपचार सुरू करणे आवश्यक असते.